मायचं उष्टं

१

चारशे बारा पिल्लं मेली होती आणि मला सगळ्यात आधी चहा हवा होता. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी स्वतःला चांगलं दाखवायला लागेन. तशी सवयच आहे मला.

मी डॉ. गोवर्धन काळमेघ, राहणार अकोला. पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आता लोक मला दोनच कामांसाठी बोलावतात. एक, अमरावतीला कुक्कुटपालनाच्या शिबिरांत भाषण ठोकायला. दुसरं, कुठे कोंबड्या पटापट मेल्या आणि कारण सापडेना, तर ते शोधून द्यायला. दोन्हींत माझं नाव आहे. 'काळमेघ साहेबांसमोर मेलेली कोंबडीसुद्धा बोलते' असं आमच्या भागात म्हणतात. हे वाक्य पहिल्यांदा मीच कुणालातरी सांगितलं होतं, ती गोष्ट वेगळी.

त्या मंगळवारी सकाळी चांदूर रेल्वेला गाडीतून उतरलो, तिथून मोटरसायकलवर चार किलोमीटर. शकुनताई ढोके यांचे दोन शेड तिथे आहेत. पन्नाशीची बाई, खमकी. आमच्या वऱ्हाडात कापूस सोडून कोंबडी धरणाऱ्या बाईला लोक आधी हसतात आणि मग तिच्याच दारात अंडी घ्यायला येतात. शकुनताईंनी हे दोन्ही पाहिलं होतं.

शेडबाहेर पोत्यांवर मेलेली पिल्लं रांगेनं ठेवली होती. आठ दिवसांची. शेपटीखाली पांढरी चिकट घाण वाळून बसलेली.

"विष घातलं साहेब," शकुनताई म्हणाल्या. "आन् घरातल्याच माणसानं घातलं."

त्यांनी एक फडक्याची पुरचुंडी माझ्या हातावर ठेवली. आत भुऱ्या रंगाची, कोरडी, भरड भुकटी होती.

"कुणाची आहे ही?"

"पार्बताबाईची. नऊ वर्षं झाली माह्याकडे. पिल्लं तिच्याच हाताखाली वाढते. अन् साहेब, माह्या करिश्माच्या लेकराले, माह्या नातवाले, सहा महिने हिनंच न्हाऊ घातलं! रविवारी त्याचं उष्टावण आहे. असा हात आता लेकराजवळ कसा येऊ देऊ?"

"ती काय म्हणते?"

शकुनताईंचा आवाज खाली आला. "थेच तं. काल आमी विचारलं, तं ते नाई म्हणतच नाई. म्हणते, मीच मारली."

२

कबुली आधी आणि तपास नंतर, असा मामला मला कधीच आवडत नाही. त्यात आपलं काही कामच उरत नाही.

पार्बताबाई शेडमागच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. साठीची, वाळलेली बाई. मी आत गेलो तशी तिनं पदर पुढे ओढला आणि नजर जमिनीवर ठेवली. माणूस माझ्यासमोर असा बसला की त्या काळी मला बरं वाटायचं. अर्धा गुन्हा तिथेच सिद्ध झाला, असं मी धरून चालायचो.

"पिल्लं तुम्ही मारली?"

"माह्या हातानंच मेली, साहेब."

"का मारली?"

"मी काहून मारीन?" तिनं पटकन वर पाहिलं. "लेकरं होते थे माहे."

"मग? पुरचुंडीत काय आहे?"

लांब घरातून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. कुणीतरी दुसरीच त्याला अंघोळ घालत असावी. पार्बताबाईचे हात मांडीवर हलले, जणू पाण्याचा अंदाज घेत होते. मग तिनं ते पदराखाली घेतले.

"उष्टं," ती म्हणाली.

"कसलं उष्टं?"

"तुमाले कसं सांगू साहेब? तुमी हासान."

"मी काहून हसू? मी काय तमाशा पाहायला आलोय?"

त्यावर तिनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. त्या नजरेचं कसं सांगू? राग नव्हता त्यात. ओळख होती. मला तो उद्धटपणा वाटला आणि मी ताडकन उठलो.

बाहेर देवीदास उभा होता. हा शकुनताईंचा चुलत दीर. चांदूरला त्याचं कोंबडीखाद्याचं दुकान आहे, पिल्लं आणि खाद्य दोन्ही तोच पुरवतो. पुरचुंडी यानंच शोधून काढली होती.

"आता काय राह्यलं साहेब? कबूल आहे म्हणते ना बुढी. तुमी फक्त लेहून द्या की विषानं मेले. रविवारी पाहुणे येतील, त्याइच्या समोर हिले गाडीत बसवतो आन् ठाण्यात नेतो. गावाले बी समजू द्या."

"विष म्हणाली ती?"

"उष्टं-बिष्टं काहीतरी म्हणली. एकच झालं!"

एकच कसं झालं? पण मी ते मनातच ठेवलं, कारण मला दुसरंच काहीतरी खटकत होतं.

"देवीदासभाऊ, ही पुरचुंडी नेमकी सापडली कुठे?"

"शेडात. पाण्याच्या भांड्यामागं."

"कोणत्या शेडात?"

"दोन नंबरात."

"आणि दोन नंबरात मेली किती?"

देवीदासनं डोकं खाजवलं. उत्तर शकुनताईंनी दिलं. "अकरा," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या. "बाकी सारी एक नंबरातली हायेत."

३

तुम्हीच सांगा. मेली एक नंबरात, विष सापडलं दोन नंबरात. असा कोणता विष घालणारा आहे, जो शेजारच्या शेडात विष घालतो आणि ते दडवायला जिथली पिल्लं ठणठणीत आहेत तिथे जातो?

मी दोन्ही शेड फिरलो. प्रत्येकात हजार पिल्लं, एकाच दिवशी एकाच गाडीतून आलेली. विहीर एक, टाकी एक, खाद्य एक. दोन नंबरात चिवचिवाट होता, पिल्लं माझ्या बुटांवर चोची मारत होती. एक नंबरात उरलेली पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून घोळक्यानं उभी होती. एवढा स्वच्छ शेड मी क्वचित पाहिला असेल. चुन्यानं पांढरा, खाली अंथरलेलं भाताचं तूस नवंकोरं, दाराशी पाय बुडवायला औषधाचं पाणी. मनात म्हटलं, वा!

खाद्याची पोती उलटून पाहिली. एका पोत्याला तळाशी उंदरानं पाडलेलं भोक होतं आणि ते सुतळीनं शिवलेलं होतं. आत लेंड्या.

"हे काय, देवीदासभाऊ?"

त्याचा चेहरा उतरला. "गोदामात उंदीर कोणाच्या नसतात साहेब? तुमाकडे नाई का?"

आता कळलं याला विष कशाला हवं होतं ते. बाईवर ढकललं की पोत्याकडे कुणी पाहणार नाही. मी खूश झालो, मासा गळाला लागला. पण क्षणभरच. हेच खाद्य दोन नंबरातली पिल्लंही खात होती आणि ती तर माझे बूट टोचत होती.

मग दोन गोष्टी दिसल्या. एक नंबराच्या कचऱ्याच्या डब्यात औषधाच्या सहा फाटक्या पुड्या होत्या. पाण्यातून द्यायचं प्रतिजैविक, म्हणजे जंतू मारणारं औषध. दोन नंबरात एकही पुडी नव्हती. दुसरी गोष्ट एक नंबराच्या दारावर, आतल्या बाजूला. चुन्यात चार कोपऱ्यांवर डिंकाचे चार डाग होते आणि मधली चौकोनी जागा बाकी दारापेक्षा पांढरी. तिथे मोठा कागद चिकटवलेला होता आणि कुणीतरी तो नुकताच ओरबाडून काढला होता.

एक नंबर शेड पाहायचा शकुनताईंचा मुलगा, पियुष. पंचविशीतला, शिकलेला, बोलायला नम्र. मला पाहिल्यापासून तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

"औषधाच्या किती पुड्या आणल्या होत्या?"

"बारा, सर. सहा माझ्या शेडला, सहा दोन नंबरला. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. दोन नंबरच्या पार्बतामावशीकडे दिल्या होत्या."

"आजारी होती का पिल्लं, औषध द्यायला?"

"नाई सर. आजारी पडू नये म्हणून. सगळं नियमानं केलं मी. मावशीले एक नंबरात पायसुद्धा ठेवू दिला नाई."

"कोणत्या नियमानं?"

पियुष वाकून पाण्याचं भांडं सरळ करायला लागला.

"बरं, दारावर काय लावलं होतं?"

"कॅलेंडर होतं सर."

अरे बाबा, कॅलेंडर खिळ्याला टांगतात. चारही कोपरे चिकटवले तर पान उलटणार कसं? पोरगा माझ्यापासून काहीतरी लपवत होता. पण पिल्लं गेली म्हणून त्याचे डोळे सुजले होते आणि ते काही खोटं नव्हतं.

निघताना शकुनताई म्हणाल्या, "साहेब, रविवारच्या आत सांगा. बाई दोषी नसन तं..."

दारामागून पियुषचा दबका आवाज आला. "आई, मी तुले म्हणलं होतं ना, याइले बोलावू नको."

४

दोन्ही शेडांतली पिल्लं, विष्ठेचे नमुने, पाणी, खाद्य आणि ती पुरचुंडी बर्फाच्या डब्यात भरून मी दुपारच्या गाडीनं अकोल्याला निघालो. शेजारच्या बाईनं डब्यात काय आहे विचारलं, मी खरं सांगितलं, आणि मला बडनेऱ्यापासून अख्खं बाकडं मिळालं.

अकोल्यात रागिणी आहे. माझी जुनी विद्यार्थिनी, आता जंतूंच्या प्रयोगशाळेत. तिचा फोन शनिवारी सकाळी आला.

"सर, विष कशातच नाही. साल्मोनेला जंतू आहे. उंदरांच्या लेंड्यांत आहे, मेलेल्या पिल्लांत आहे, आणि गंमत म्हणजे दोन नंबरच्या जिवंत पिल्लांच्या विष्ठेतही आहे. फक्त नावापुरता."

"म्हणजे शत्रू दोन्ही घरांत शिरला होता."

"शिरला दोन्हीकडे, बस्तान एकीकडेच बसलं. आता पुरचुंडीचं ऐका. काय आहे माहीत आहे का? निरोगी, जुन्या कोंबड्यांच्या शेडातलं वाळवलेलं तूस आणि विष्ठा. रोगाचा जंतू मला तरी एक सापडला नाही. चांगले जंतू मात्र इतके, की मोजता मोजता दमले मी. कोंबडीच्या आतड्यातली अख्खी वस्ती आहे सर ती. बाईनं कोणत्या कोंबड्यांखालचं उचललं, कसं वाळवलं, मला विचारायचंय तिला."

रागिणीच्या कागदावर विष्ठा, पार्बताबाईच्या तोंडी उष्टं आणि देवीदासच्या तोंडी विष. पुरचुंडी एकच.

हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिल्लू मशीनमधल्या अंड्यातून निघतं तेव्हा त्याचं आतडं नांगरलेल्या रिकाम्या वावरासारखं असतं. वावर रिकामं राहत नाही. तुम्ही पेरलं नाही तर गाजरगवत येतं. पूर्वी पिल्लू आईमागे फिरायचं, तिनं उकरलेलं, तिच्या पायाखालचं टिपायचं. त्यातून आईच्या पोटातले चांगले जंतू त्याच्या पोटात पेरले जायचे. ते एकदा दाटीनं उगवले की रोगाच्या जंतूला पाय ठेवायला जागा नाही. खाल्लेलं अंगी लागतं, वजन चढतं, पुढे अंडीही नीट येतात. मशीनच्या पिल्लाला आई कुठून आणणार? म्हणून काही ठिकाणी हेच जंतू तपासून, वाढवून पहिल्याच दिवशी पाजतात. मी हे चाळीस वर्षांपूर्वी वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. मग विसरलो.

"आणि सर," रागिणी म्हणाली, "एक नंबरात पेरणी तर झालीच नाही, वर तीन दिवस प्रतिजैविक. थोडंफार चांगलं उगवलं असेल तेही जाळलं. वावर साफ करून साल्मोनेलाला आमंत्रणच दिलं. हा सल्ला कोणी दिला त्यांना?"

"तेच शोधतोय," मी म्हणालो. "ज्या गाढवानं हा सल्ला दिला ना, त्याला उद्या चार लोकांसमोर उभा करतो. नाहीतर काळमेघ नाव लावणार नाही!"

५

रविवारी ढोक्यांच्या अंगणात मांडव होता. उष्टावणाची तयारी झालेली, चांदीच्या वाटीत खीर, पाटावर नवं झबलं. बाळाला मामानं, म्हणजे पियुषनं, पहिला घास भरवायचा होता. पाहुणे तीस-चाळीस. देवीदासची गाडी दारात उभी होती आणि पार्बताबाई गाठोडं घेऊन पायरीवर बसली होती. तिनं जायची तयारी स्वतःच केली होती.

मी मांडवात उभा राहिलो. माणसं दिसली की मला बोलायचा चेव चढतो. विष नाही, हे सांगितलं. उंदरांचं सांगितलं, तेव्हा देवीदास खाली बघायला लागला. दोन शेडांचं सांगितलं. वावर आणि गाजरगवत सांगितलं. मग पार्बताबाईकडे वळलो.

"मावशी, दोन नंबरच्या सहा पुड्यांचं काय केलं?"

तिनं गाठोडं सोडलं, पत्र्याची डबी काढली. सहाच्या सहा पुड्या, न फाडलेल्या. "चांगल्या पिल्लाले औषद काहून द्यावं, साहेब? पण औषद फेकू बी नाई म्हंतात. म्हनून ठेवल्या."

"आणि पुरचुंडी?"

"नऊ वर्सं मी असंच करतो. ज्या कोंबड्या चांगल्या अंड्यावर हायेत, कधी दुखल्या नाईत, त्याइच्या खालचं कोरडं तूस आनतो, सावलीत वाळवतो. पयल्या दिवशी पिल्लाइच्या दान्यावर चिमूट चिमूट टाकतो. मायचं उष्टं म्हनून. पिल्लाइचं उष्टावन असते थे." तिनं मांडवाकडे पाहिलं. "आवंदा पियुषनं एक नंबरात येऊ देल्लं नाई. दोन नंबरात मी चोरून केलं."

"मग मीच मारली असं का म्हणालात? तुमचं उष्टं मिळालं तीच तर जगली!"

"मले काय मालूम होतं? मले वाटलं, दारावरून येता-जाता माह्या चपलेनं, माह्या पदरानं थे इकून तिकडे गेलं. थे विष आहे म्हनून सांगतलं होतं ना मले. मोठ्या मानसानं सांगतलं होतं."

मांडवात कुजबुज झाली. शकुनताईंनी तोंडाला पदर लावला. इथे मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण नाही. मला टाळी हवी होती.

"पियुष, उभा राहा. एक नंबरात औषध द्यायला आणि पार्बताबाईला अडवायला तुला कोणी सांगितलं? दारावरचा कागद कोणाचा होता?"

"जाऊ द्या ना सर," पियुष म्हणाला.

"जाऊ कसं द्या? चारशे जीव गेले! एका म्हाताऱ्या बाईला तुम्ही गाडीत घालायला निघालात!"

"राहू द्या साहेब," पार्बताबाईही म्हणाली. "पाव्हने हायेत."

"नाव घे त्याचं!"

पियुष रडायला लागला. तेव्हा देवीदास उठला. उंदरांवरून चार लोकांत त्याची इज्जत गेलेली, त्यामुळे तो पेटलेला होता. आत गेला आणि पियुषच्या कपाटातून घडी घातलेला मोठा कागद घेऊन आला. कोपरे डिंकानं फाटलेले.

"घ्या साहेब. वाचा तुमीच."

कागदावर माझा फोटो होता. टाय लावलेला. खाली ठळक अक्षरांत: 'पिल्लांसाठी स्वच्छतेचे बारा नियम — डॉ. गोवर्धन काळमेघ'. नियम चौथा: पहिले तीन दिवस पाण्यातून प्रतिजैविक, न चुकता. नियम सातवा: जुन्या शेडचा कणही पिल्लांपाशी नको, ती नुसती घाण नव्हे, विष आहे.

तुम्ही आले म्हणून काढला सर, असं काहीतरी पियुष पुटपुटत होता. मला नीट ऐकू येत नव्हतं.

६

कारण मला अमरावतीचा हॉल आठवत होता. नोव्हेंबरचं शिबिर, दीडशे माणसं. भाषण रंगलं होतं. सातवा नियम सांगितला आणि तिसऱ्या रांगेतून एक म्हातारी उठली. पदर सावरत म्हणाली, "साहेब, पिल्लाले मायचं उष्टं नको का?"

मी माइक तोंडाजवळ घेतला आणि म्हणालो, "आजी, पिल्लाला घाण चारायची एवढी हौस असेल तर आधी तुम्ही चाखून पाहा. गोड लागली तर मला कळवा!"

हॉल खदखदून हसला. त्या दिवशीची सगळ्यात मोठी टाळी मला त्या वाक्याला मिळाली होती. म्हातारी खाली बसली. तिच्या शेजारी एक तरुण पोरगा होता, तोही लाजून खाली पाहत होता. शकुनताईंनीच दोघांना शिकायला पाठवलं होतं.

मंगळवारी त्या खोलीत तिनं मला लगेच ओळखलं होतं. पियुषनं ओळखलं होतं. मी पाहुणा, वयानं मोठा, म्हणून दोघांनी मला सांभाळून घेतलं. पोरानं कागद लपवला. बाईनं तर चारशे बारा पिल्लांचं पाप आपल्या माथी घेतलं, कारण मी जे बोललो ते तिला खरं वाटलं होतं. आणि मला? मला तिचा चेहरासुद्धा आठवला नव्हता.

लाज म्हणतात ती मला साठी उलटल्यावर कळली. आधी कानांवर येते. जंतू देवीदासच्या गोदामातून आला असेल, पण दार मी उघडून दिलं होतं, छापील अक्षरांत, फोटोसकट. कुठे पाहावं कळेना, म्हणून मी त्या कागदाकडेच पाहत राहिलो.

मग पायरीपाशी गेलो आणि पार्बताबाईसमोर हात जोडले. "मावशी, गाढव मीच आहे. मला माफ करा."

तिनं पटकन पाय मागे घेतले. मग हळूच म्हणाली, फक्त मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात:

"इथं काहून मागता साहेब? हासले तं तिथं होते."

तेवढ्यात शकुनताई आल्या. त्यांनी बाळ उचललं आणि पार्बताबाईच्या मांडीवर ठेवलं. पाच दिवस परक्या हातांनी न्हालेलं ते पोर तिच्या पदराला धरून गप्प झालं. पियुषनं खिरीची वाटी घेतली, मावशीच्या शेजारी खाली बसला आणि तिच्या मांडीवरच भाच्याला पहिला घास भरवला. मी जेवायला थांबलो नाही. मला कुणी जा म्हटलं नव्हतं, थांबा म्हणूनही आग्रह झाला नाही.

७

पुढचं शिबिर पंधरा दिवसांनी होतं. तोच हॉल, तोच माइक. आयोजकांनी दारावर माझे बारा नियम पुन्हा चिकटवले होते, ते मी स्वतः काढले. तिथे डिंकाचे चार डाग राहिले.

पार्बताबाईला निरोप पाठवला होता. येईल असं वाटलं नव्हतं. आली, पियुषला घेऊन. तिसऱ्या रांगेत बसली. रागिणीही अकोल्याहून आली होती, वही घेऊन बसली होती.

मी सगळं सांगितलं. कोणतंही तूस उचलून पिल्लांना घालू नका, हे सांगितलं. आजारी शेडचं घातलं तर मराल, तपासलेलं घ्या, विचारून घ्या. पण प्रतिजैविक उगाच देऊ नका, आणि पिल्लाचं पोट रिकामं ठेवू नका. मग माझा चौथा नियम आणि सातवा नियम वाचून दाखवला आणि त्या दोन नियमांनी किती पिल्लं मेली तो आकडा सांगितला. नोव्हेंबरात मी इथे एका बाईला काय बोललो होतो, तेही शब्दाला शब्द सांगितलं. शेवटी म्हणालो, "त्या बाईनं मला विचारलं होतं, पिल्लाला मायचं उष्टं नको का? त्याचं उत्तर आज देतो. पाहिजे. घाण चाखायची पाळी माझ्यावर आली, आणि ती गोड लागली नाही."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग शेजारचा हसला. मग हसू पुढे पुढे येत गेलं आणि सगळा हॉल हसायला लागला, मला.

मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. पार्बताबाई हसत नव्हती.